भाषणांच्या जुन्या, खराब रेकॉर्डिंगसाठी कोणता कन्व्हर्टर वापरावा?

तुमच्याकडे मोबाइलवर घेतलेली भाषणं एएमआर आणि एमपी३ फायलींत आहेत, आवाज बारीक आहे, मागे पंखा आणि गुणगुण आहे. कोणत्या कन्व्हर्टरने ती स्वच्छ होतील? कुठल्याच नाही. कन्व्हर्टर फाइलचा प्रकार बदलतो, खरखर तशीच राहते. उलट एमपी३चं पुन्हा एमपी३ केलं की दर्जा आणखी थोडा उतरतो.

म्हणून मूळ फायली बाजूला ठेवा आणि काम डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारा फाइलप्रकार) प्रतींवर करा. ऑडॅसिटी हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरतं. एएमआर उघडायला मात्र त्याला एफएफएमपेग या वेगळ्या, फायली वाचणाऱ्या सॉफ्टवेअरची जोड द्यावी लागते. डब्ल्यूएव्ही केल्याने गेलेला आवाज परत येत नाही, पुढची झीज तेवढी थांबते.

आधी स्पेक्ट्रोग्राम बघा, म्हणजे कोणत्या वेळी कोणत्या उंचीचे स्वर आहेत ते दाखवणारं चित्र. साध्या एएमआरमध्ये सेकंदाला ८००० नमुने असतात, म्हणजे ४००० हर्ट्झच्या वर काहीच नाही. ‘स’चा सीत्कार बराचसा त्याच्या वरच असतो, त्यामुळे तो बोथट ऐकू येणारच. सॅम्पल रेट ४४१०० केलात तर फाइल फुगेल, बाकी काही नाही. स्टिरिओत एक बाजू मेलेली असेल तर दोन्ही मिसळू नका, चांगली बाजू तेवढी घ्या.

मग ८० ते १०० हर्ट्झखालचं हाय-पासने (खालचे स्वर काढणाऱ्या फिल्टरने) कापा. गुणगुण विजेची असेल तर ती ५० हर्ट्झची (काही देशांत ६०) आणि तिच्या पटींची असते. १००, १५० वगैरे पटी नॉच फिल्टरने (एकच बारीक पट्टा कापणाऱ्या) वेगळ्या काढाव्या लागतात.

लोक खरी माती करतात ती नॉइज रिडक्शनमध्ये, म्हणजे मागचा आवाज घटवण्यात. कुणीच बोलत नाही, फक्त पंखा ऐकू येतो असा सेकंदभराचा तुकडा निवडून नॉइज प्रोफाइल (नको असलेल्या आवाजाचा नमुना) घ्या, मग पूर्ण फाइल निवडून नॉइज रिडक्शन लावा. किती घटवायचं याचा आकडा डेसिबलमध्ये असतो. मी ६ ते ८ वर थांबतो. त्यापुढे बोलणारा पाण्याखालून बोलतोय असं वाटू लागतं. तिथेच ‘रेसिड्यू’ हा पर्याय आहे, त्यात जे काढलं जाणार तेवढंच ऐकू येतं. त्यात शब्द ओळखू आले तर तुम्ही भाषणच कापताय, आकडा खाली आणा. थोडा पंखा राहिला तर राहू द्या, शब्द कळणं महत्त्वाचं. हे सगळं सतत एकसारख्या आवाजालाच लागू पडतं. टाळ्या, खुर्च्यांची सरकासरकी किंवा हॉलचा घुमारा यावर ते चालत नाही.

आवाज वाढवणं त्यानंतर. कॉम्प्रेसर (मोठ्या-बारीक आवाजातला फरक कमी करणारा) आधी लावलात तर पंखाही वर येतो. शेवटी नॉर्मलाइझ, म्हणजे सर्वांत मोठं टोक उणे १ डेसिबलपर्यंत आणा. माइकच्या अगदी जवळ ओरडून बोलल्यामुळे लाटांची टोकं सपाट झाली असतील तर ऑडॅसिटीतलं क्लिप फिक्स अंदाजाने ती गोल करतं, पण फार आशा धरू नका.

एआयची साधनं ऐकायला गुळगुळीत करून देतात, पण अस्पष्ट अक्षर कधी भलतंच भरतात. जिथे वक्त्याचा नेमका शब्द महत्त्वाचा आहे तिथे मूळ फाइलशी ताडून बघा.

ऐकण्यासाठी मोनो एमपी३, ६४ केबीपीएस पुरे. मजकूर उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरला द्यायचं असेल तर १६००० हर्ट्झचं मोनो डब्ल्यूएव्ही द्या, आणि तेही नॉइज रिडक्शन न केलेलं आधी देऊन बघा. जास्त घासलेल्या आवाजात त्याच्या चुका बऱ्याचदा वाढतात.