सुभेदारांना विचारा : सत्काराच्या आधी घरी जा

प्रश्न : ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर लढाईचे व्हिडिओ सारखे यायचे. मीही पुढे पाठवले. नंतर कळलं की त्यातले बरेच खोटे होते. पुन्हा अशी वेळ आली तर काय काळजी घ्यावी?
*– एक वाचक, बारामती*

उत्तर : मे २०२५ मध्ये व्हिडिओ गेममधली दृश्यं खऱ्या लढाईची म्हणून फिरली होती. पीआयबी या केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाच्या फॅक्ट चेकनं ती खोटी असल्याचं सांगितलं, पण तोवर ती घराघरांत पोचली होती. खरा व्हिडिओही दर वेळी पाठवायचा नसतो. पहलगामच्या हल्ल्यानंतर चौथ्याच दिवशी, २६ एप्रिलला, माहिती व प्रसारण मंत्रालयानं वाहिन्यांना लष्करी हालचाली थेट दाखवू नका असं बजावलं होतं. स्टेशनात उभ्या असलेल्या फौजी गाडीचा फोटो तुम्ही ग्रुपवर टाकलात, तर तोही त्यातलाच प्रकार.

आणि एक कळकळीची विनंती. जवान गेल्याची बातमी फौजेनं जाहीर केल्याशिवाय त्याचं नाव कुठंही टाकू नका. घरी आधी पलटणीकडून निरोप येतो, त्याला थोडा वेळ लागतो. माझ्या माहितीतल्या एका घरी तो निरोप पोचायच्या आधी ग्रुपवर फोटो आला. फोन दहा वर्षांच्या पुतण्याच्या हातात होता. त्यानं तो काकूला नेऊन दाखवला.

प्रश्न : सुभेदार साहेब, आमच्या गावात एक वीरमाता आहेत. बातम्यांच्या गदारोळात आम्ही सगळ्यांनी तिरंग्याचे डीपी लावले, पण त्यांच्या घरी कुणीच गेलं नाही, याची आता लाज वाटते. २६ जुलैला, कारगिल विजय दिनी, त्यांचा जाहीर सत्कार करायचं मंडळानं ठरवलंय. कार्यक्रम कसा करावा?
*– मंडळाचा कार्यकर्ता, कोरेगाव तालुका, जि. सातारा*

उत्तर : सत्कार जरूर करा. पण पत्रिका छापायच्या आधी दोघं-तिघं त्यांच्या घरी जा, सोबत घरातल्या बाईमाणसांना न्या, आणि त्यांना विचारा. काहींना गर्दी सोसत नाही. शिवाय मुलगा गेला ती तारीख त्यांच्या मनात वेगळीच असते, आणि नेमकं त्या दिवशी दारात कुणी नसतं. तो दिवस विचारून लिहून ठेवा.

आमच्या पलटणीतल्या एका जवानाची आई आहे, मी त्यांना आक्का म्हणतो. एका कार्यक्रमाला त्यांना सकाळी दहाला आणून बसवलं. प्रमुख पाहुणे आले दीड वाजता. तोवर म्हातारी मांडवाच्या कडेला उन्हात, पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. माइकवर मुलाचं नाव पुकारलं, तेही चुकीचं. मी घरी सोडायला गेलो तेव्हा त्यांनी ट्रंक उघडली आणि शाल आत ठेवली. खाली अकरा शाली होत्या, प्लास्टिकच्या पिशव्यांतून न काढलेल्या. म्हणाल्या, "बाबा, मला थंडीला माझी वाकळच बरी. ह्या कुणाला लागत असतील तर घेऊन जा."

म्हणून सांगतो, नाव, हुद्दा आणि पलटण घरच्यांकडून कागदावर लिहून घ्या. नाईक वेगळा, नायब सुभेदार वेगळा. सूत्रसंचालकाकडून ते आधी मोठ्यानं वाचून घ्या. भाषणं दोन पुरेत. आईंना सावलीत, पाठ टेकता येईल अशा खुर्चीवर बसवा, आणि पाहुणे आल्यावरच घरून आणा.

मी पलटणीत क्लार्क होतो, त्यामुळे कागदाचा त्रास मला ठाऊक आहे. पेन्शन चालू राहायला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता बहुतेकांचं काम 'स्पर्श' या ऑनलाइन पद्धतीत गेलंय. बोटांचे ठसे झिजलेले असतात, मोबाइल नंबर बदललेला असतो, आधारवर नाव एक आणि पेन्शनच्या कागदावर दुसरं असतं. एवढ्यावरून काम अडतं. मंडळातल्या एका मुलानं वा मुलीनं हे काम कायमचं अंगावर घ्यावं. अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यांच्यासोबत जावं. मांडवातून वाचलेले पैसे ७ डिसेंबरला ध्वजदिन निधीत भरा. १९४९ पासून हा दिवस पाळला जातो, आणि तो पैसा वीरपत्नी, माजी सैनिक आणि जखमी जवानांच्या कल्याणासाठी असतो.

भेट द्यायचीच असेल तर त्या माउलीला एकदा दिल्लीला न्या. इंडिया गेटजवळ राष्ट्रीय समर स्मारक आहे, २५ फेब्रुवारी २०१९ ला त्याचं उद्घाटन झालं. तिथल्या त्यागचक्राच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या २५ हजारांहून जास्त जवानांची नावं कोरली आहेत. प्रत्येकाची ग्रॅनाइटची वीट वेगळी. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. फक्त तब्येत बघून न्या, दिल्लीचा उन्हाळा टाळा.

आक्कांना मी नेलं होतं. नाव सापडल्यावर त्यांनी पदरानं ती वीट पुसली. वाचता येत नाही, म्हणून अक्षरांवरून बोट फिरवलं. मग बोट शेजारच्या विटेवर ठेवून विचारलं, "ह्यो कुणाचा?" मी नाव वाचून दाखवलं. त्यांनी तीही वीट पुसली आणि म्हणाल्या, "ह्याच्या आईला कुणी आणलं होतं का रं इथं?"