जुनं कार्ड हातचं सोडू नका

प्रश्न : ताई, मी नाशिकला गंगापूर रोडवर एका आर्किटेक्टकडे थ्रीडी रेंडरिंग करतो, म्हणजे इमारतीच्या कॉम्प्युटरवरच्या मॉडेलवरून खरी वाटणारी चित्रं काढतो. सिंहस्थामुळे हॉटेलांची, भक्तनिवासांची कामं वाढली आहेत, रात्री घरीही करावी लागतात. घरी एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे, १२ जीबी मेमरीचं. सीन मोठा झाला की मेमरी भरते आणि रेंडर मध्येच बंद पडतो. यंदा द्राक्षं बरी गेली, त्यातले दीड लाख वडिलांनी नवीन कार्डासाठी दिलेत. पण त्याच कंपनीच्या ५०८० कार्डाचं सुधारित 'सुपर' रूप येणार, त्यात २४ जीबी असणार, असं रोज कानावर येतं. थांबू का? मित्र म्हणतो, जुनं आत्ताच विक, नंतर भाव पडेल.
– एक वाचक, दिंडोरी

उत्तर : विकू नका. हे आधी सांगते, कारण २०२०च्या ऑगस्टमध्ये मी विकलं होतं. नवीन कार्डांच्या बातम्यांनी जुन्यांचे भाव घसरत होते, म्हणून माझं १०८० टीआय घाईने देऊन टाकलं. १ सप्टेंबरला ३०८० जाहीर झालं, किंमत ६९९ डॉलर. १७ तारखेला विक्री सुरू झाली आणि काही मिनिटांत माल संपला. पुढे अशा कार्डांवर इथेरियम हे आभासी चलन कमावणाऱ्या मायनिंगवाल्यांनी जे मिळेल ते उचललं. मी ज्या दुकानात आगाऊ पैसे भरले होते, तिथून दर शनिवारी एकच उत्तर, 'पुढच्या आठवड्यात येतंय.' अकरा महिने गेले. त्या काळात एका मंगल कार्यालयाच्या वॉकथ्रूचं, म्हणजे आतून फिरवून दाखवणाऱ्या व्हिडिओचं, काम मला परत करावं लागलं. त्याची रुखरुख अजून आहे.

आता २४ जीबीचं. सगळ्या अफवा एका मापाने मोजू नका. मेमरीच्या आकड्याचा हिशेब घरबसल्या मांडता येतो. ५०८०ची मेमरी बस, म्हणजे मेमरीकडे जाणारा रस्ता, २५६ बिटची आहे. मेमरीच्या एका चिपला ३२ बिट लागतात, म्हणजे आठ चिपा. आज त्या २ जीबीच्या आहेत, म्हणून १६. त्याच जागी ३ जीबीच्या बसवल्या की २४. अशा चिपा प्रत्यक्षात आहेतही. लॅपटॉपमधल्या ५०९०ला २४ जीबी मिळते ती त्यांच्यामुळेच. म्हणून २४च्या बातमीला बूड आहे असं मी मानते. उद्या कुणी याच बसवर २० जीबी सांगितलं, तर तो हिशेब इतका सरळ बसत नाही, तिथे सावध व्हा. पण बूड आहे म्हणजे तारीख आहे असं नाही. २०२५च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरी इतकी जाते आहे की तिचे भाव चढले आहेत. महागाईत जास्त मेमरीचं कार्ड आधीच्या किमतीत येईल, ही आशा मी तरी धरणार नाही.

कार्ड किती वीज खाणार, त्या वॅटच्या बातम्या तर हमखास फुगलेल्या असतात. २०२२मध्ये ४०९० सहाशे वॅट खाणार म्हणून माझ्या एका सातपूरच्या गिऱ्हाइकाने चांगला चालणारा पॉवर सप्लाय बदलला. कार्ड आलं ४५० वॅटचं.

डॉलरमधली किंमत ऐकून नुसता गुणाकार करू नका. ५०९० जानेवारी २०२५मध्ये १,९९९ डॉलरला जाहीर झालं. तेव्हाच्या साधारण ८६ रुपयांच्या दराने १ लाख ७२ हजार होतात, १८ टक्के जीएसटी धरला की २ लाख ३ हजार. आपल्याकडची जाहीर किंमत होती २ लाख १४ हजार. आणि जाहीर झालेलंही हातात पडेलच असं नाही. ४०८०चं १२ जीबीचं कार्ड कंपनीने १४ ऑक्टोबर २०२२ला, विक्रीआधीच, मागे घेतलं. तेच जानेवारी २०२३मध्ये ४०७० टीआय नावाने आलं.

पण तुमची खरी अडचण मला वेगळीच वाटते. भक्तनिवासाच्या सीनमध्ये ४के टेक्स्चर, म्हणजे भिंती-फरशांवर चढवायची मोठी चित्रं, किती आहेत, मोजलेत का? ४०९६ बाय ४०९६चं एक चित्र मेमरीत उघडलं की साधारण ६४ एमबी घेतं. अशी दोनशे झाली की १२ जीबी तिथेच संपले, भिंती नि झाडं अजून बाकीच. मागच्या खोलीतल्या पडद्याला, लांबच्या फरशीला २के पुरतं, त्याला चौथा हिस्साच मेमरी लागते. झाडांच्या प्रती करू नका, इन्स्टन्स वापरा, म्हणजे मेमरीत एकच झाड राहतं आणि तेच जागोजागी दिसतं. हे आज रात्रीच करून बघा. माझ्याकडे येणाऱ्या अशा निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

मिटली तर खुशाल थांबा, वडिलांचे पैसे बँकेत राहू द्या. नाही मिटली आणि काम हातातून जायची वेळ आली, तर कुठल्याही बातमीची वाट न पाहता १६ जीबीचं ५०७० टीआय घ्या. ते ३०० वॅटचं आहे आणि तुमच्या पैशात बसेल. तुमचं ३०६० जेमतेम १७० वॅटचं, तेव्हा पॉवर सप्लायवरचा आकडा आधी वाचा. ७५०च्या खाली असेल तर तोही त्याच पैशातून बदलायचा आहे. नवीन कार्डावर पंधरा दिवस रात्रीचे रेंडर सुरळीत निघाले, की मग जुन्याला गिऱ्हाईक बघा.