रीफ टँकचा खारेपणा कोणत्या उपकरणाने मोजावा?

प्रश्न : राजारामपुरीतील आमच्या घरी दोनशे लिटरचा रीफ टँक, म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, आहे. प्लास्टिकच्या काट्याचा हायड्रोमीटर 1.023 दाखवतो, तर मित्राच्या रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाश किती वळतो यावरून खारेपणा दाखवणाऱ्या उपकरणावर) तेच पाणी 1.026 भरते. प्रवाळ नीट उमललेले आहेत. मीठ वाढवावे का आणि कायमस्वरूपी कोणते उपकरण घ्यावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मीठ आत्ताच वाढवू नका. रीफ टँकसाठी 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग क्षार), म्हणजे विशिष्ट गुरुत्व (गोड्या पाण्याच्या तुलनेत घनता) सुमारे 1.026, एवढा खारेपणा योग्य मानला जातो. मित्राचे उपकरण खरे असेल, तर तुमचे पाणी आजच तिथे आहे. काट्याच्या हायड्रोमीटरमध्ये काट्यावर मिठाचा थर बसला की तो जड होऊन आकडा कमी दाखवतो आणि हवेचे बुडबुडे चिकटले की उचलला जाऊन जास्त दाखवतो. प्रवाळांसाठी त्यावर विसंबून राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुम्ही हातात धरून पाहण्याचा रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. मात्र तो समुद्राच्या पाण्यासाठी बनवलेला आहे का, हे विकत घेतानाच विचारा. बाजारातले अनेक स्वस्त नग साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात आणि 35 पीपीटीचे समुद्राचे पाणी त्यांच्या पट्टीवर सुमारे 36.5 दिसते. डिस्टिल्ड पाण्याने शून्य जुळवले तरी हा फरक जात नाही, कारण शून्यावर बरोबर असलेली पट्टी वर जाता जाता चुकत जाते. म्हणून जुळवणी 35 पीपीटीच्या प्रमाणित द्रावणानेच करावी.

असे द्रावण तयार मिळते, पण घरीही करता येते. शुद्ध, कोरडे सोडियम क्लोराइड 36.5 ग्रॅम घेऊन 963.5 ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात पूर्ण विरघळवा. त्याचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याचे प्रमाण) 35 पीपीटीच्या समुद्राच्या पाण्याइतका असतो. पाण्याला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालेल, पण मीठ मात्र गुजरीतल्या एखाद्या ओळखीच्या सराफाच्या काट्यावर तोलून आणलेले बरे, कारण एका ग्रॅमच्या चुकीने जवळपास एक पीपीटीचा फरक पडतो. बाटलीचे झाकण घट्ट लावा, नाहीतर पाणी उडून द्रावण तीव्र होते. दोन-तीन थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकून त्यावरचे झाकण मिटा, तापमान स्थिरावायला अर्धा मिनिट थांबा आणि मग स्क्रू फिरवून रेघ 35 वर आणा. कोकणातून आणलेले समुद्राचे पाणी या कामाला वापरू नका. खाडीजवळ आणि पावसाळ्यात ते बरेच पातळ झालेले असते.

विद्युतवाहकतेवर चालणारे डिजिटल मीटर वाचायला सोपे असतात, तथापि त्यांचा प्रोब स्वच्छ ठेवावा लागतो आणि त्यांच्यासाठी वेगळे प्रमाणित द्रावण लागते. वर सांगितलेले त्यांना चालणार नाही. 35 पीपीटीच्या पाण्याची वाहकता 25 अंश सेल्सिअसला सुमारे 53 मिलिसिमेन्स प्रति सेंटिमीटर असते, त्यामुळे इतके मोजू न शकणारा पिण्याच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार मोजणारा) पेन येथे निरुपयोगी ठरतो.

जुळवणीनंतरही पाणी खरोखर कमी खारे निघाले, तर पाणी बदलताना थोडे जास्त खारे पाणी घालत दिवसाला एक पीपीटीपेक्षा अधिक वाढ होणार नाही असे पाहा. कोल्हापूरच्या उन्हाळ्यात बाष्पीभवन वाढते आणि मीठ मागेच राहते. त्या दिवसांत घटलेली पातळी रोज आरओच्या गोड्या पाण्याने भरा आणि मोजमाप पातळी भरून पाणी मिसळल्यावरच घ्या.