उशाशी कोयता ठेवावा का?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

स्वसंरक्षणात समोरच्याचा जीव गेला तर ख्रिस्ती माणसाने त्याकडे कसे पाहावे, असा विषय गेल्या अंकात निघाला होता. त्यावर वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतची पत्रे आली. त्यांतले पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून गाळली आहेत.

प्रश्न : आमचे घर वाडीच्या टोकाला, केळींच्या आड आहे. घरात मी आणि म्हातारी सासूबाई. मागील दाराशी दोनदा खुडबुड झाल्यापासून मी उशाशी कोयता घेऊन झोपते. ‘खून करू नको’ ही आज्ञा लहानपणापासून पाठ आहे. हे पाप आहे का? (वसई)

उशाशी कोयता ठेवणे पाप नाही. मात्र तो शहाणपणाचा आहे का, हा प्रश्न वेगळा, आणि त्याकडे आम्ही शेवटी येतो.

आधी आज्ञेचे शब्द. कॅथलिक गणनेत ही पाचवी आज्ञा, बहुतेक प्रॉटेस्टंट गणनेत सहावी, वाक्य एकच. मूळ हिब्रू क्रियापद सगळ्याच प्रकारच्या मारण्यासाठी सरसकट वापरले जात नाही, म्हणून मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, ‘मारू नको’ असे नसून ‘खून करू नको’ असे आहे. पण ‘खून म्हणजे फक्त ठरवून केलेला’ असा सोयीचा अर्थही लावू नये. शास्त्रातल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या ३५ व्या अध्यायात ज्याच्या हातून चुकून माणूस गेला आणि जो आश्रयाच्या नगराकडे पळाला, त्यालाही हेच क्रियापद लावले आहे. चुकून गेलेल्या जिवाचाही हिशेब तेथे ठेवला आहे.

तुमच्या दारातली खुडबुड शास्त्रात शब्दशः सापडते. निर्गम २२:२-३ सांगते की घर फोडताना चोर सापडला आणि मार बसून मेला, तर मारणाऱ्यावर रक्तदोष नाही. पण सूर्य उगवल्यानंतर असे झाले तर रक्तदोष आहे. फरक केवळ उजेडाचा का? अंधारात आत आलेला चोरायला आला की मारायला, त्याच्या हातात काय आहे, तो एकटा आहे की चौघे, हे कळत नाही. दिवसा दिसते, शेजारी हाकेला येतो, चोर ओळखता येतो, भरपाईही मागता येते. सवलत मिळते ती भीतीला आणि न दिसण्याला. मालमत्तेच्या रागाला ती नाही.

आरंभीचे धर्मपंडित याहून कडक होते. संत अँब्रोजच्या मते लुटारूने वार केला तरी ख्रिस्ती माणसाने स्वतःचा जीव वाचवायला उलट वार करू नये. संत ऑगस्टीनने पब्लिकोला नावाच्या गृहस्थाला लिहिलेल्या पत्रात स्वतःसाठी मारणे मान्य केले नाही. सैनिक किंवा अधिकारी दुसऱ्यांच्या रक्षणासाठी ते करतो तेव्हा गोष्ट वेगळी, असे तो म्हणतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनसने हा पेच सोडवला. त्याचे म्हणणे असे की एका कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात : आपला जीव वाचणे आणि समोरच्याचा जाणे. पहिलाच मनात असेल आणि बळ गरजेपुरते असेल, तर कृती योग्य. गरजेपेक्षा जास्त बळ वापरले, तर हेतू चांगला असूनही कृती अयोग्य. ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद २२६३ ते २२६५ याच पायावर उभे आहेत. २२६५ तुमच्या कामाचा आहे : ज्याच्यावर दुसऱ्यांच्या जिवाची जबाबदारी आहे, त्याच्यासाठी बचाव हा नुसता हक्क नसून गंभीर कर्तव्य ठरू शकतो. सासूबाई उठून पळू शकत नाहीत, म्हणून हे लिहिले.

आणि याची दुसरी बाजू. एक सोन्याचे नाणे वाचवायला चोराला मारता येते, असे काही नीतिपंडित शिकवू लागले, तेव्हा १६७९ मध्ये पोप अकरावे इनोसंट यांनी ते मत निषिद्ध ठरवले. पाटल्या, टीव्ही, केळीचे घड यांसाठी जीव घेणे कधीच बसत नाही.

आता कोयता. त्याचे वजन पात्याच्या टोकाकडे असते. अंधारात, झोपेतून उठून, घाबरल्या हाताने फिरवला की तो मान, डोके किंवा खांदा यांपैकी काय गाठेल हे तुमच्या हातात राहत नाही. अक्वायनसचे ‘गरजेपुरते बळ’ कोयत्याने मोजून देता येत नाही. शिवाय तो वापरायचा तर चोर हातभर जवळ यावा लागतो, आणि तेवढ्या अंतरावर तो हिसकावलाही जातो. रात्री पाणी प्यायला उठलेल्या सासूबाईंवरच हात पडला तर काय, हेही मनात धरा. क्रम असा लावा : परसदाराला आतून अडसर आणि वर-खाली दोन कड्या, बाहेर हालचालीने पेटणारा दिवा, सासूबाईंची खाट जिला आतून कडी आहे अशा खोलीत, मोबाइल चार्ज होऊन तेथेच. आवाज आला की बाहेर पाहायला जाऊ नका. दोघी त्या खोलीत, कडी लावून, ११२ ला फोन आणि मोठ्याने हाका. एवढ्याने बहुतेक चोर जातो. दार फोडून आत आलाच, तर दाराच्या अरुंद जागेत चार फुटी काठी कोयत्याहून जास्त उपयोगी : अंतर राखते आणि पायावर मारता येते. काठीनेही माणूस मरू शकतो, हे विसरू नका, डोके टाळा.

प्रश्न : ‘उजव्या गालावर मारले तर दुसराही कर’ म्हणणारा प्रभू ‘वस्त्र विकून तरवार घ्या’ असेही म्हणतो. आमच्या मंडळीत यावर दोन तट आहेत. खरे काय? (वेंगुर्ले)

दोन्ही वचने त्यांच्या जागी ठेवून वाचा. मत्तय ५:३९ मध्ये ‘उजवा’ गाल मुद्दाम म्हटला आहे. समोरचा उजव्या हाताचा असेल तर आपल्या उजव्या गालावर त्याच्या हाताची पालथी बाजू बसते. तो अपमानाचा फटका आहे, जीव घेण्याचा नव्हे. अपमानाची परतफेड करू नको, असा त्याचा रोख आम्हाला दिसतो. त्यावरून झोपलेल्या लेकराला सोडून बाजूला हो, असा अर्थ निघत नाही.

पण लूक २२:३६ ओढून शस्त्राचा परवाना काढणेही तितकेच चूक. शिष्य दोन तरवारी दाखवतात आणि प्रभू ‘पुरे’ म्हणतो. बारा जणांना दोन तरवारी लढाईसाठी कशा पुरतील? त्याच रात्री पेत्राने तरवार काढून, प्रभूला धरायला आलेल्या मल्ख नावाच्या दासाचा कान तोडला, तेव्हा प्रभूने त्याला थांबवले आणि लूक सांगतो त्याप्रमाणे कान बराही केला. ‘तरवार धरणारे तरवारीनेच नाश पावतील’ हे मत्तय २६:५२ त्याच प्रसंगातले आहे.

तुमच्या भागात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे काम झाले. त्या परंपरेच्या वेस्टमिन्स्टर मोठ्या प्रश्नोत्तरीत १३६ व्या उत्तरात न्यायाची शिक्षा, न्याय्य युद्ध आणि आवश्यक बचाव हे ‘खून करू नको’ या आज्ञेचे तीन अपवाद स्पष्ट नोंदले आहेत. ‘आवश्यक’ हा शब्द खाली रेघ मारून वाचावा. याउलट मेनोनाइट आणि क्वेकर मंडळ्या शस्त्र पूर्ण नाकारतात. मेनोनाइटांच्या आठवणीत डर्क विलेम्स कायम आहे : १५६९ मध्ये हॉलंडात तो बर्फावरून पळत असता पाठलाग करणारा शिपाई पाण्यात बुडू लागला, हा परत फिरला, त्याला वाचवले, आणि पकडला जाऊन जिवंत जाळला गेला. ही वाट आम्ही कमी लेखत नाही. फक्त एवढे लक्षात घ्या की डर्कने स्वतःचा जीव पणाला लावला, शेजारणीचा नव्हे. तुमच्या दोन तटांचे भांडण बहुधा येथेच अडले असेल.

प्रश्न : हापूसच्या बागेत ऐन एप्रिलमध्ये रात्री चोर शिरतात. कुंपणाच्या तारेत घरचा करंट सोडला तर? डुकरेही थांबतील. मी तर कोणावर हात उचलत नाही. (देवगड)

सोडू नका. आजच्या टपालातला सर्वांत सोपा प्रश्न हा.

हात उचलत नाही म्हणता, पण तार तुमच्या वतीने झोपेतही हात उचलून उभी असते, आणि तिला डोळे नाहीत. बचावाच्या ख्रिस्ती विचारात समोर प्रत्यक्ष हल्ला हवा आणि बळ पाहून वापरायला हवे. तार पाहत नाही, थांबत नाही, ‘आता पुरे’ म्हणत नाही. तिला चिकटतो तो बहुधा चोर नसतोच : पहाटे पाणी सोडायला आलेला तुमचाच नेपाळी राखणदार, चेंडू शोधणारे पोर, शेजाऱ्याची गाय.

घरचा २३० व्होल्टचा प्रवाह अखंड असतो. शरीरातून ३० मिलिअँपियरच्या आसपास गेला तरी स्नायू आखडून हात तारेवरून सुटत नाही. दवाने ओली जमीन आणि अनवाणी पाय असले की अडथळा आणखी कमी. बाजारात मिळणारे प्रमाणित झटका मशीन वेगळे चालते : साधारण सेकंदाला एक, अत्यंत अल्प काळाचा ठोका. दाब हजारो व्होल्टचा, पण ऊर्जा मर्यादित, आणि दोन ठोक्यांमध्ये हात काढायला वेळ मिळतो. तेच घ्या, बॅटरीवर चालवा, ठिकठिकाणी पाटी लावा. मशीन मधून काढून तार थेट मीटरला जोडण्याची ‘युक्ती’ कोणी सुचवील. तिने सगळे मुसळ केरात जाते.

कायद्यातही साध्या चोरीसाठी मृत्यू घडवण्याचा हक्क नाही. तारेने माणूस गेला तर सदोष मनुष्यवधाचा किंवा निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा लागू शकतो. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक अंधारात पावलांच्या आवाजावर झाडणे, हेही याच जातीचे. छर्रे पसरतात, आणि ते कोणाला लागले हे सकाळीच कळते.

प्रश्न : रात्री मोठ्या नौका आमची जाळी तोडतात, हटकले तर दगड मारतात. होडीत पेट्रोलच्या बाटल्या भरून न्याव्यात, असे पोरे म्हणतात. (मालवण)

पोरांना भारतीय न्याय संहितेचे कलम ४१ वाचून दाखवा. माणसे राहतात किंवा माल ठेवतात अशा जहाजाला आग लावणाऱ्याविरुद्ध मालमत्तेच्या बचावात मृत्यू घडवण्यापर्यंतचा हक्क त्यात आहे. म्हणजे तुम्ही बाटली फेकलीत की तो हक्क समोरच्या नौकेला मिळू शकतो, आणि हल्लेखोर तुम्ही ठरता. तिथले खलाशीही पोटासाठी आलेले मजूर असतात; नौकेचा मालक किनाऱ्यावर झोपलेला असतो.

घरून बाटल्या भरून निघणे म्हणजे बेत, बचाव नव्हे. अक्वायनसचा हेतूचा निकष येथे किनाऱ्यावरच मोडतो. नौकेने होडीवर मुद्दाम धडक घातली, तर तो जिवावरचा हल्ला आहे आणि वल्हे, बांबू, जे हाताशी असेल त्याने अडवणे योग्यच. जाळे सोडून देता येते. माणूस पाण्यात पडला तर रात्री सापडत नाही. जीपीएसची नोंद, मोबाइलचे चित्रण, व्हीएचएफ रेडिओचा चॅनेल १६, सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ : हे आधी.

प्रश्न : बचावात माणूस मेलाच तर कायदा काय म्हणतो, लगेच काय करावे, आणि पुढे मिस्सेला, पापनिवेदनाला जावे की नाही? (अलिबाग)

बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलमे ३४ ते ४४ मध्ये आहे; संहिता १ जुलै २०२४ पासून लागू. कलम ३८ शरीराच्या बचावात मृत्यू घडवण्याची मुभा मोजक्या प्रसंगी देते : मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, अ‍ॅसिडहल्ला वगैरे. कलम ४१ मध्ये जबरी चोरी आहे, आणि सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी आहे. निर्गमातला सूर्य येथे पुन्हा भेटतो. पण दोन्हींवर कलम ३७ चा लगाम आहे : पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हक्क नाही, आणि गरजेहून जास्त इजा नाही. चोर अंगण ओलांडून पळाला की घरफोडीचा बचाव संपला. मागे धावून पाठीत घातलेला घाव हा बचाव नव्हे.

एका बाबतीत कायदा धर्मापेक्षा सैल आहे. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की हल्ला झालेल्याने भित्र्यासारखे पळावे अशी अपेक्षा नाही, आणि त्या क्षणीचे बळ सोन्याच्या ताजव्यात तोलू नये. ख्रिस्ती विवेक मात्र विचारील : मागचे दार उघडे होते का?

तो खाली पडला की थांबा. हत्यार पायाने दूर सारा. १०८ आणि ११२ दोन्हींना फोन करा, स्वच्छ फडक्याने जखम दाबून धरा. आता तो हल्लेखोर राहिला नाही, जखमी आहे. मदत न करणे हे नवे पाप. रक्त धुऊ नका, वस्तू हलवू नका. स्वतःच्या जखमांची सरकारी रुग्णालयात नोंद करवा; ओरखडासुद्धा. वकील बोलावून पहिल्याच जबाबात बचावाची गोष्ट आहे तशी सांगा. बचाव सिद्ध करण्याचा भार भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे तुमच्यावर असतो, पण संभाव्यता दाखवली तरी पुरते. मर्यादा सद्भावनेने ओलांडली गेली असेल तर खून नव्हे, सदोष मनुष्यवध ठरू शकतो. आणि शवचिकित्सेत पडल्यानंतरचे घाव दिसले, की सगळी बाजू बिघडते.

धर्माच्या बाजूने : योग्य मर्यादेत अन्यायी हल्लेखोराला रोखणाऱ्याला धर्मसभेची शिक्षा नाही (कॅनन, म्हणजे धर्मसभेच्या कायद्याचे कलम, १३२३), मर्यादा सुटली तर ती सौम्य होते (१३२४). तरीही संत बेसिलने युद्धात मारणाऱ्या सैनिकांना खुनी न म्हणता तीन वर्षे ख्रिस्तप्रसादापासून दूर राहण्याचा सल्ला दिला होता, कारण हात स्वच्छ नव्हते. तो सल्ला आज तुम्हाला बंधनकारक नाही. पापनिवेदनाला जा आणि ‘बचाव होता’ एवढ्यावर थांबू नका. त्या क्षणी राग किती होता, थांबता आले असते का, तेही धर्मगुरूंना सांगा. पाप नव्हतेच असे त्यांना वाटले तर ते सांगतील, आणि रात्रीच्या झोपेला तेही लागते.

पत्राच्या शेवटी तुम्ही बारीक अक्षरात विचारले आहे की मेलेल्या चोरासाठी मिस्सा लावता येईल का. येईल. कॅनन ९०१ प्रमाणे जिवंत किंवा मृत कोणासाठीही मिस्सा अर्पण करता येते, तो ख्रिस्ती नसला तरी. नाव माहीत नसेल तर ‘एका मृतासाठी’ एवढे लिहून दिले तरी चालते.