हिरव्या रकान्यातले डीओ

"डीओ आहे म्हणून चांगल्या ठिकाणी घेणार नाहीत का?" डीओ ही अमेरिकेतल्या ऑस्टिओपॅथिक कॉलेजातून मिळणारी डॉक्टरकीची पदवी. तिथे शिकणारी मुलं चौथ्या वर्षाच्या तोंडावर हा प्रश्न विचारतातच. मराठी घर असेल तर मुलांपेक्षा आईवडीलच जास्त धास्तावलेले असतात. डीओला पन्नासही राज्यांत एमडीसारखाच पूर्ण परवाना मिळतो, 2020पासून दोघांच्याही रेसिडेन्सीला (पदवीनंतर हॉस्पिटलात होणाऱ्या प्रशिक्षणाला) एकच संस्था मान्यता देते, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. पण सांगलीहून आत्याचा फोन येतो, "म्हणजे हाडं बसवणारी डॉक्टर का गं?" आणि पुन्हा सगळ्यांचा धीर खचतो.

ऋचा (नाव बदललं आहे) इंटर्नल मेडिसिन करून पुढे कार्डिओलॉजीत जायचं म्हणत होती. कॉमलेक्स (डीओंची परवाना परीक्षा) आणि यूएसएमएलई (एमडींची) दोन्ही दिलेल्या, यूएसएमएलईच्या स्टेप 2 या टप्प्याचे गुण उत्तम. एक्सेलमध्ये तिने रेसिडेन्सी प्रोग्रॅमची भलीमोठी यादी केली होती. त्यात एक रकाना होता, 'डीओ घेतात का'. हो असेल तर हिरवा, नाही तर लाल. "मावशी, हिरव्या सगळ्या ठिकाणी अर्ज टाकते," म्हणाली.

मी तिला एका हिरव्या, नामांकित विद्यापीठ-रुग्णालयाचं रेसिडेंटांचं पान उघडायला लावलं. पहिल्या वर्षाच्या फोटोंखाली चार डीओ दिसले, ती खूश झाली. नीट बघितलं तर त्यातले तिघे 'प्रिलिमिनरी'खाली होते. म्हणजे मेडिसिनचं एकच वर्ष करून भूलशास्त्र, रेडिओलॉजी अशा ठिकाणी जाणारे. तीन वर्षांच्या कॅटेगॉरिकल जागेवर फक्त एकजण, आणि वरच्या दोन्ही वर्षांत एकही नाही. मग यादीत बरंच खाली असलेलं पेनसिल्व्हेनियातलं एक कम्युनिटी हॉस्पिटल उघडलं. तिथे तिन्ही वर्षांत डीओ भरपूर, चीफ रेसिडेंटही डीओ, आणि स्वतःची कार्डिओलॉजी फेलोशिप, म्हणजे रेसिडेन्सीनंतरचं हृदयरोगाचं प्रशिक्षण. ऋचाने त्यापुढे शेरा मारला होता, 'कुणी ऐकलेलं नाही'.

माझ्या मते 'घेतात का' यापेक्षा 'घेतलेल्यांचं पुढे काय होतं' हे विचारावं. रेसिडेन्सी तीन वर्षांची खरी, पण फेलोशिपचे अर्ज तिसरं वर्ष सुरू होताच, जुलैत जातात आणि डिसेंबरमध्ये निकाल लागतो. म्हणजे शिफारसपत्रं, संशोधन, ओळखी, सगळं पहिल्या दोन वर्षांत जमवायचं. ज्या हॉस्पिटलात कार्डिओलॉजिस्ट रोज राउंडला भेटतात आणि फेलोशिप घरचीच आहे, तिथल्या मुलीला हे सोपं जातं. मोठ्या नावाच्या ठिकाणी तेच काम करायला फेलो आणि संशोधक रांगेत उभे असतात. अर्थात घरची फेलोशिप घरच्यांना घेते का, तेही तपासायचं. काही ठिकाणी सगळे फेलो बाहेरूनच आलेले दिसतात.

मुलाखतीत एक प्रश्न विचारायचाच, असं मी तिला बजावलं होतं. प्रोग्रॅम कौतुकाने 'आमचे इतके कार्डिओलॉजीत गेले' म्हणून यादी दाखवतात. आपण विचारायचं, अर्ज किती जणांनी केला होता? त्यातले डीओ किती? एके ठिकाणी उत्तर लगेच मिळालं, नावानिशी. दुसरीकडे संचालकांनी विषय कॅफेटेरियाकडे वळवला. तेही उत्तरच की! बोर्डाच्या परीक्षेत प्रोग्रॅमनिहाय किती टक्के पास होतात, हे एबीआयएम, म्हणजे मेडिसिनचं बोर्डच, जाहीर करतं; तो आकडा ती घरीच बघून गेली होती. आठवड्याला 80 तासांची मर्यादा कागदावर सगळीकडे सारखीच. म्हणून संचालक खोलीत नसताना दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला विचारायचं, रात्री अडलं तर अटेंडिंगला (वरिष्ठ डॉक्टरला) फोन करायला भीती वाटते का?

सिग्नलवर, म्हणजे 'तुमच्याकडे यायची खास इच्छा आहे' असं अर्जासोबत मोजक्याच प्रोग्रॅमना कळवण्यावर, आमचं थोडं वाजलं. त्या वर्षी मेडिसिनला 3 सुवर्ण आणि 12 रौप्य सिग्नल होते, आणि तिला तिन्ही सुवर्ण बड्या नावांवर उधळायचे होते. शेवटी एकावर तडजोड झाली.

फेब्रुवारीत तिच्या आईचा फोन आला. त्यांच्या डोक्यात आपल्याकडचे पसंतीक्रमाचे फॉर्म. "ताई, वर अवघड नाव टाकलं आणि नाही लागलं, तर खालची हातची जागा जाईल ना?" नाही जात. मॅचची, म्हणजे उमेदवार आणि प्रोग्रॅम यांच्या पसंतीयाद्या जुळवून जागा देण्याची पद्धत उमेदवाराच्या पसंतीपासून सुरू होते. वरची जागा हुकली म्हणून खालच्या जागेवरचा हक्क कमी होत नाही. म्हणून कोण घेईल याचा अंदाज बांधत न बसता, जिथे खरंच जायचं आहे त्याच क्रमाने नावं लावायची. फक्त एक लक्षात ठेवायचं: जे मिळेल ते बंधनकारक, म्हणून जिथे तीन वर्षं काढवणार नाहीत ते नाव यादीत घालूच नये.

ऋचाने पेनसिल्व्हेनिया पहिलं टाकलं, तेच मिळालं. पहिल्याच महिन्यात ती तिथल्या एका कार्डिओलॉजिस्टकडे काम मागायला गेली. त्यांनी जुन्या केसपेपरांतून माहिती गोळा करायचं काम दिलं. कंटाळवाणं आहे, म्हणते, पण सुरुवात झाली.