बाबा ५८ वर्षांचे आहेत, लघवीचा काहीच त्रास नाही, पण सख्ख्या काकांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. आम्ही म्हापशाला असतो, बाबांची पीएसए टेस्ट (प्रोस्टेटसाठीची रक्ताची टेस्ट) करून घ्यावी का?

हो, करून घ्या, आणि त्रास सुरू व्हायची वाट बघू नका, कारण हा कॅन्सर सुरुवातीला बहुतेक वेळा काहीच जाणवू देत नाही आणि हाडं दुखायला लागतात तेव्हा बऱ्याचदा तो पसरलेला असतो. मी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करतो, पुरुष येतात ते बायकोने नाहीतर मुलीने ढकलून आणलेले, डॉक्टरची चिठ्ठी कुणाला दिसू नये म्हणून घडी घालून हातात देतात, आणि कितीतरी जण चवथ झाली की बघू म्हणत वर्ष काढतात. लाजण्यासारखं काही नाही हो, शुगरसारखंच हाताच्या शिरेतून रक्त, उपाशीपोटी पण यायला नको. साधारण पन्नाशीला डॉक्टरशी याबद्दल बोलावं, वडिलांना किंवा सख्ख्या भावाला झाला असेल तर ४५ लाच, त्यामुळे बाबांनी आता थांबू नये. जाण्याआधी एवढं बघा:
- लघवीचं इन्फेक्शन असेल तर आधी ते बरं होऊ दे
- दोन दिवस सायकल आणि संबंध टाळा
- फिनास्टेराइड (प्रोस्टेट वाढल्यावर देतात ती गोळी) चालू असेल तर सांगा, त्याने पीएसएचा आकडा जवळपास निम्मा दिसतो

फक्त, आकडा ४ च्या वर आला म्हणजे कॅन्सरच असं नाही, वयाने प्रोस्टेटची ग्रंथी वाढली तरी येतो, आणि सापडलेल्या प्रत्येक कॅन्सरला लगेच ऑपरेशन लागत नाही, काहींवर नुसतं लक्ष ठेवतात, म्हणून रिपोर्ट गूगल करत बसू नका, युरोलॉजिस्टला (लघवीच्या आजारांच्या डॉक्टरला) दाखवा, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) युरोलॉजी विभाग आहे.