शेड्यूल करून झोपले, सकाळी बघते तर पोस्टच नाही!

मागच्या अंकात पोस्ट आधीच शेड्यूल करून, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप जाईल अशी लावून ठेवण्याबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, इनबॉक्स भरून वाहिला. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, त्यातल्या त्यात जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतलेत. नावं कुणाचीच छापत नाहीये.

ताई, मी हाताने शिवलेल्या वह्या विकते, फेसबुक पेज आणि इन्स्टा दोन्हीकडे. रोज सकाळी आज काय टाकू यातच तास जातो, फोन हातात घेतला की पोस्ट राहते बाजूला आणि मी रील्स बघत बसते. एखादं शेड्यूलिंग टूल विकत घेऊ का? घेतलं तर कुठलं?

आत्ता एक पैसाही टाकू नका. तुमचा सगळा पसारा फेसबुक आणि इन्स्टावर आहे ना, मग मेटा बिझनेस सूट फुकट आहे, त्यात प्लॅनर म्हणून कॅलेंडर असतं, दोन्हीकडच्या पोस्ट तिथे एकत्र दिसतात. इन्स्टाचं अकाउंट फक्त प्रोफेशनल करून घ्या, सेटिंगमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. ते केलं की खुद्द इन्स्टाच्या अ‍ॅपमधूनही ७५ दिवस पुढपर्यंतची पोस्ट लावता येते, दिवसाला २५, म्हणजे तुम्हाला लागतील त्याच्या कितीतरी जास्त. यूट्यूबचं स्टुडिओमध्ये होतं, लिंक्डइनला पोस्ट लिहायच्या खिडकीतच घड्याळाचं चिन्ह असतं, एक्सला (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरला) वेबसाइटवरून होतं. बफरसारखं बाहेरचं टूल कधी, तर तीन-चार ठिकाणी एकदम टाकायचं असेल तेव्हा. त्याच्या फुकट प्लॅनमध्ये तीन चॅनेल (म्हणजे जोडलेली अकाउंट) आणि प्रत्येकाच्या रांगेत दहा पोस्ट मिळतात, सुरुवातीला तेवढं पुष्कळ झालं.

पण फुकटच्या भरवशावर संसार मांडू नका हां. हूटसूट नावाच्या अशाच टूलचा फुकट प्लॅन २०२३ मध्ये बंद झाला, त्याच वर्षी ट्विटरचं ट्वीटडेकही पैसे भरणाऱ्यांपुरतं राहिलं, लोकांची वर्षानुवर्षांची सवय एका मेलने गेली. म्हणून कॅप्शन आणि फोटो आपल्याकडे, साध्या शीटमध्ये आणि फोल्डरमध्ये ठेवायचे, टूल हा नुसता पोस्टमन समजायचा, उद्या पोस्टमन बदलला तरी पत्रं आपल्याच घरात.

आता तुमचा खरा त्रास. तुम्ही लिहिलंय तास जातो, पण तो तास पोस्ट टाकण्यात जातच नाही, ठरवण्यात जातो. ते ठरवणं एका बैठकीत उरकायचं, आणि त्यातही फोटो निवडणं, कॅप्शन लिहिणं आणि तारीख-वेळ लावणं ही तीन कामं वेगवेगळी करायची. एकेक पोस्ट पूर्ण करत बसलात तर डोकं दर पाच मिनिटांनी गिअर बदलतं आणि चौथ्या पोस्टला कंटाळा येतो. तुमच्याच वहीचं घ्या. दोरा मेणावरून ओढतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ ही एक पोस्ट. शिवण बाजूने दिसेल असा जवळून फोटो ही दुसरी. वही टेबलावर उघडून हात काढून घेतला तरी ती सपाट राहते, ते दाखवलं की तिसरी. आणि वापरून वापरून कोपरे झिजलेली तुमची स्वतःची जुनी वही, ती चौथी (आणि माझा अनुभव विचाराल तर लोकांना हीच सगळ्यात आवडते, नवीकोरी वस्तू सगळेच दाखवतात). एका वहीत चार पोस्ट झाल्या, चार वह्या घेतल्या की सोळा, आठवड्याला तीन टाकायच्या म्हटलं तरी महिना निघतो.

वेळ ठरवताना फार डोकं खाऊ नका. इनसाइट्समध्ये तुमचे फॉलोअर कुठल्या वारी, कुठल्या तासाला ऑनलाइन असतात ते दिसतं, त्यातले तीन स्लॉट पक्के करून टाका. बफरसारख्या टूलमध्ये स्लॉट एकदा लावले की नवी पोस्ट आपोआप पुढच्या रिकाम्या स्लॉटला जाऊन बसते, दर वेळी तारीख निवडावी लागत नाही. आणि हे सगळं कॉम्प्युटरवर करा. फोन हातात घेतलात की रील्स आहेतच.

रात्री पोस्ट शेड्यूल केली, सकाळी बघतो तर काहीच नाही. दोनदा झालं. टूल बोगस आहे का?

असेलही, पण आधी बाकीचं तपासा. पोस्ट कुठे लावली होती? फेसबुकच्या वैयक्तिक प्रोफाइलवर बाहेरच्या अ‍ॅपला पोस्ट टाकता येत नाही, तो दरवाजा १ ऑगस्ट २०१८ पासून बंद आहे, ग्रुपचाही २०२४ मध्ये बंद झाला. पेज असेल तरच जातं. इन्स्टाचं अकाउंट पर्सनल असेल तर बरीच टूलं स्वतः पोस्ट न करता ठरलेल्या वेळी फोनवर नुसती आठवण पाठवतात आणि शेवटचं बटण आपणच दाबायचं असतं. तुम्ही झोपला होतात, आठवण आली आणि गेली. इन्स्टाच्या लायब्ररीतलं गाणं लावायचं असेल तरी बाहेरच्या टूलमध्ये हाच आठवणीचा रस्ता.

दुसरं, मधे पासवर्ड बदललात का? बदलला की टूल आणि अकाउंटची जोडणी तुटते आणि पुन्हा लॉगिन करून जोडेपर्यंत रांगेतलं सगळं फेल होत जातं. टूलमध्ये फेल झालेल्या पोस्टची वेगळी यादी असते, तिथे बहुतेक वेळा कारणही लिहिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. फेल झाल्याचा मेल येईल असं सेटिंग चालू करा, ही एवढी एक गोष्ट केलीत तरी बास.

तिसरं सांगायला मला लाज वाटते. एका कार्यक्रमाची आठवण मी दुपारी बाराची लावली होती, एएम-पीएममध्ये गल्लत केली आणि ती मध्यरात्री बाराला गेली. सकाळी उठले तर तीन लाइक, त्यातला एक माझाच. तेव्हापासून जिथे मिळेल तिथे चोवीस तासांचं घड्याळ लावते आणि खात्याचा टाइम झोन एकदा डोळ्यांनी बघून घेते, कारण तो कधीकधी भलत्याच देशाचा निघतो.

एक्सेलमध्ये महिन्याच्या पोस्ट लिहून टूलमध्ये एकदम अपलोड केल्या तर सगळ्या मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं आली!

हा प्रश्न पाठवल्याबद्दल तुम्हाला खास नमस्कार, माझा अख्खा रविवार यात गेलाय. एक्सेलमध्ये सेव्ह अ‍ॅजला गेलात की सीएसव्हीचे (टूलला एकदम पोस्ट द्यायची ती साधी फाइल) दोन-तीन प्रकार दिसतात, त्यातला ज्याच्या नावात यूटीएफ-८ आहे तोच घ्यायचा. साधा सीएसव्ही घेतला की देवनागरी गेली. नाहीतर गूगल शीट्समध्ये लिहा आणि तिथून सीएसव्ही डाउनलोड करा, तिथे ही भानगडच नाही. अपलोड करताना आधी दोनच ओळींची फाइल टाकून बघा, नीट दिसलं की मग बाकीची.

आणि एक्सवर जाणार असेल तर २८० अक्षरांच्या मर्यादेचा हिशोब मराठीत जरा वेगळा लागतो, काना-मात्रा-वेलांटी वेगवेगळी मोजली जाते. ‘क्ष’ आपल्याला एक दिसतो, तिथे तो तीन भरतो. त्यामुळे शीटमध्ये नीट मावलेलं वाटलं तरी जागा सोडूनच लिहा.

शेड्यूल केलेल्या पोस्टचा रीच पडतो, म्हणजे ती कमी लोकांपर्यंत पोचते म्हणतात, खरं का?

फेसबुक आणि इन्स्टा स्वतःच शेड्यूल करायची सोय देतात, मग ती वापरली म्हणून तेच शिक्षा कशाला करतील? पडतो तो दुसऱ्याच कारणाने. पोस्ट सातला जाते आणि आपण दुसऱ्या दिवशी उगवतो, तोवर चार जणांनी विचारलेलं असतं “अजून आहे का?” आणि उत्तर नाही. हाताने टाकत होतात तेव्हा तुम्ही तिथेच असायचात. पोस्ट जायच्या वेळी फोनमध्ये अलार्म लावा, पंधरा मिनिटं बसा, कमेंटना उत्तरं द्या. पोस्ट रात्री दोनला लावू नका म्हणजे अलार्मही दोनला लावावा लागणार नाही.

आमच्या संस्थेचं पेज आम्ही तिघं मिळून चालवतो. आधी लावून ठेवलेली पोस्ट नको त्या वेळी गेली तर, याची सारखी धास्ती वाटते.

वाटायलाच हवी. मी ज्या एका गटाचं पेज बघायचे तिथे एका जुन्या सभासदांच्या निधनाची बातमी संध्याकाळी टाकली आणि अर्ध्या तासाने फुगे-बिगे लावलेली स्पर्धेची पोस्ट, महिन्याभरापूर्वी मीच लावलेली, तिच्यावर जाऊन बसली. मी प्रवासात होते आणि पासवर्ड माझ्याच एकटीकडे. त्या रात्रीचे फोन मी विसरले नाहीये.

काही टूलमध्ये अख्खी रांग एका बटणावर थांबते, काहींत एकेक पोस्ट उघडून पुढे ढकलावी लागते. तुमच्याकडे काय आहे ते आजच, काही घडलेलं नसताना, बघून ठेवा आणि तिघांनीही एकदा करून बघा. पासवर्ड वाटण्यापेक्षा पेजवर तिघांना आपापल्या नावाने अ‍ॅक्सेस द्या. आणि विनोदी पोस्ट ड्राफ्टमध्ये ठेवा, त्या दिवशी सकाळी वातावरण बघून कुणीतरी हाताने सोडेल.

ताई, परीक्षा आहे, दोन महिन्यांच्या पोस्ट एकदम लावून टाकू का? कॉलेजच्या क्लबचं पेज आहे.

लाव, पण फक्त शिळ्या न होणाऱ्या, म्हणजे जुने फोटो, सभासदांची ओळख असल्या. कार्यक्रमांच्या पोस्ट दोन आठवड्यांपलीकडे लावू नकोस, हॉल बदलतो, तारीख बदलते, पाहुणे टांग देतात. आणि लावलेल्या पोस्टमध्ये “उद्या” किंवा “या रविवारी” लिहू नकोस, सरळ तारीख लिही, नाहीतर पोस्ट दोन दिवस पुढे ढकललीस की तुझा कार्यक्रम कालच होऊन गेलेला असेल आणि लोक आज येऊन दारात उभे राहतील. चल, अभ्यासाला बस आता.